दोन माणसांची गाडी

१९६४ सालच्या उन्हाळ्यात देहूरोडच्या लष्करी वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करणारे अकरा जण होते. त्यांतला भिवा ओव्हाळ सगळ्यांत कमी बोलणारा. ट्रकचे चेपलेले दरवाजे, जीपची मडगार्डं, पाण्याच्या टाक्या, जे पुढ्यात येईल ते तो ठोकून सरळ करी. नोकरी टेम्पररी होती. दर तीन महिन्यांनी नाव कमी व्हायचं, आठ दिवसांनी पुन्हा चढायचं.

हे काम त्याला उस्मानचाचा नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने शिकवलं होतं. चाचा म्हणायचे, पत्रा डोळ्यांनी बघू नकोस, डोळे फसवतात. हाताने बघ आणि कानाने बघ. पत्र्यामागे धरलेला लोखंडी ठोकळा हातोडीखाली नेमका बसला असला तर आवाज भरीव येतो, जरा सरकला असला तर पोकळ. भिवाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की काम करताना तो पुष्कळदा डोळे मिटूनच घेई.

एका रविवारी सकाळी त्याच्या खोलीसमोर एक लहानशी लाल गाडी येऊन उभी राहिली. वर छप्पर नव्हतं, आत फक्त दोन बैठका. तिच्यातून उतरलेला तिशीच्या आतला तरुण म्हणजे वाल्हेकरवाडीचा ज्योतीराम वाल्हेकर. त्याच्या वडिलांची जमीन कारखान्यांसाठी गेली होती, आणि तो स्वतः विलायतेत, कॉव्हेंट्री नावाच्या गावी मोटारींच्या कारखान्यात तीन वर्षं काम शिकून नुकताच परतला होता. येताना ही गाडी बोटीवर घालून आणली होती. मुंबईच्या गोदीत उतरवताना तिचं डावं मडगार्ड चेपलं होतं.

"तुझा हात चांगला आहे म्हणतात," ज्योतीराम म्हणाला. "पुण्यात दोन ठिकाणी दाखवली. दोघं म्हणतात, शिसं ओतून भरून काढू. मला शिसं नकोय."

भिवाने गाडीभोवती एक फेरी मारली. मग ज्योतीरामने खटका ओढून बॉनेट उघडून दाखवलं, तर गाडीचं सबंध पुढचं अंग, दोन्ही मडगार्डांसकट, एका तुकड्यात पुढे कलंडलं. एवढा मोठा पत्रा इतका सलग वळवलेला भिवाने कधी पाहिला नव्हता.

"दोन रविवार लागतील," तो म्हणाला.

दुसऱ्या रविवारी ज्योतीराम आला तेव्हा मडगार्ड रंगाशिवाय, उघड्या पत्र्याचं तयार होतं. त्याने त्यावरून हात फिरवला, मग डोळे बारीक करून कडेने पाहिलं, पुन्हा हात फिरवला.

"कुठे होतं चेपलेलं?"

"तुमचा हात हाय तिथंच."

ज्योतीरामने हात तसाच पत्र्यावर ठेवला. मग म्हणाला, "भिवाभाऊ, असं अख्खं अंग कराल का तुम्ही?"

'तू'चा 'तुम्ही' झाला होता. वाल्हेकरांच्या घरातला माणूस ओव्हाळाला तुम्ही म्हणतो, हे भिवाच्या ध्यानात आलं आणि तिथेच राहून गेलं. पुढे लोकांनी त्याला पुष्कळदा विचारलं, का गेलास त्या माणसाच्या नादी. हे कारण त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर चिंचवडला, रेल्वेच्या पलीकडे, ज्योतीरामने पत्र्याची शेड उभी केली. शेडसाठी आणि मद्रासहून चासी, म्हणजे गाडीचा चाकांवरचा लोखंडी पाया, मागवण्यासाठी त्याने विलायतेहून आणलेली गाडी विकून टाकली. विकण्याआधी मात्र तिची इंचन् इंच मापं घेतली होती. सुतारकामाला दत्तोबा पांचाळ होता, पत्र्याला वर्कशॉप सोडून आलेला भिवा, आणि बाकी सगळ्याला स्वतः ज्योतीराम. चहा तिघांचा एकाच किटलीतून, एकसारख्या कपांतून. चहा पिताना ज्योतीराम त्या गाडीचा इतिहास सांगे.

"स्पिटफायर म्हणतात तिला. आपल्याला वाटतं, श्रीमंतांचं खेळणं असेल. तसं नाही. तिथे ती साध्या माणसाची गाडी आहे. कारकून घेतात, नर्सा घेतात, शाळेतले मास्तर घेतात. का परवडते? कारण कंपनीने नवीन फारसं काही केलंच नाही. हेराल्ड म्हणून घरगुती गाडी होती, तिची चासी घेतली, जरा आखूड केली, आणि वर हे अंग बसवलं. आणि तीच हेराल्ड आपल्याकडे मद्रासला बनते. मग आपल्याला का जमू नये?"

"एकदम जमली व्हय त्यांना?" भिवाने विचारलं.

"कुठली एकदम. नमुना तयार झाला आणि कंपनीकडचा पैसा आटला. कोपऱ्यात कापड टाकून ठेवून दिला. मग कंपनी दुसऱ्यांनी घेतली. नवे मालक कारखाना बघत फिरत होते, त्यांनी कापड उचलून पाहिलं, म्हणाले, ही करा. बासष्ट साली बाजारात आली."

"आन् कापड उचललं नसतं तर?"

"तर काही नाही," ज्योतीराम म्हणाला. "कुणाला कळलंही नसतं."

घरी भिवाने हे तानुबाईला सांगितलं. तानुबाई महाळुंग्याची. लग्नाआधी चाकणच्या बाजारात कांदे निवडायला जायची, माणसाचं बोलणंही तसंच निवडून बाजूला काढायची सवय तिला होती.

"दोनच माणसं बसत्यात?"

"दोनच."

"मंग पोरं?"

"पोरांसाठी न्हाई ती."

"आन् पाऊस आला तर?"

"कापडाचं छप्पर हाय. वढून घ्यायचं."

"म्हंजी पोरंबाळं नसलेल्यांनी, उन्हाळा-हिवाळ्यात बसायची गाडी," तानुबाई म्हणाली. "बरं हाय."

काम सुरू झालं. दत्तोबाने सागाच्या फळ्यांचा साचा केला, गाडीच्या अंगाचा जणू सांगाडाच. भिवाने बाभळीचा बुंधा आणून तो वरून खोलगट कोरला. त्या खळग्यात पत्रा धरून हातोडीने फुगवायचा, वाळूच्या पिशवीवर गुळगुळीत करायचा, साच्यावर लावून बघायचा, पुन्हा खाली घ्यायचा. बॉनेटचं एक मडगार्ड उतरायला दोन महिने गेले. पहिलं त्याने स्वतःच मोडून टाकलं. ज्योतीरामला त्यात काही खोट दिसत नव्हती, पण भिवा म्हणाला, आवाज बरोबर न्हाई.

पासष्टच्या लढाईत मद्रासची चासी सहा महिने अडकून पडली. त्याच सुमाराला वर्कशॉपमधला जुना सोबती चिमाजी भेटला. तो पिंपरीला ट्रकच्या कारखान्यात लागला होता.

"पत्र्याची माणसं घेतायत," चिमाजी म्हणाला. "परमनंट. कँटीन, दवाखाना, समदं. तुझं नाव मी साहेबांच्या कानावर घातलंय. सोमवारी ये."

भिवा म्हणाला, "गाडी पुरी हुंदे. मंग येतो."

"गाडी काय पळून चाललीय?"

"पुरी व्हायाची हाय," भिवा एवढंच म्हणाला.

तानुबाईला हे चिमाजीच्या बायकोकडून, शालनबाईकडून कळलं. तिने भिवाला जाब विचारला नाही. ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "त्यांना खोली मिळाली. दोन दारांची."

सहासष्टच्या नोव्हेंबरात गाडी तयार झाली. हळदीच्या रंगाची. ज्योतीरामने नाव ठेवलं 'इंद्रायणी'. ती विलायती गाडीसारखी होती आणि नव्हतीही. मागच्या अंगाला दारापासून शेवटापर्यंत भिवाने एक उतरण दिली होती, ती मापांत नव्हती, साच्यातही नव्हती. दत्तोबाने हरकत घेतली तेव्हा भिवाने त्याचा हात धरून पत्र्यावरून फिरवला होता, आणि दत्तोबाने हरकत मागे घेतली होती. गाडीचा फोटो काढायचं ठरलं होतं. पिंपरीचा फोटोवाला दोनदा सांगून आला नाही, आणि मग ते राहूनच गेलं.

पंचवीस डिसेंबरला ज्योतीरामने किल्ली भिवाच्या हातात दिली. देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांच्या हातून बुद्धाची मूर्ती बसली तो हा दिवस, दरवर्षी तिथे माणसं जमायची.

"वहिनींना घेऊन जा," ज्योतीराम म्हणाला. "ट्रायलची पाटी आहे, कुणी अडवणार नाही."

भिवाला वर्कशॉपमुळे ट्रक चालवता येत होता. तानुबाई पांढरं लुगडं नेसून आली, गाडीत बसताना तिला पाय कुठे ठेवायचे ते कळेना. आकुर्डी मागे पडली. वारा तोंडावर येत होता, तिने पदर दातांत धरला होता. सकाळची शिफ्ट सुटून सायकलींवरून निघालेली माणसं वळून वळून बघत होती. निगडीला चहाच्या टपरीपाशी तिघे-चौघे उभे होते, त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, "गाडी वाल्हेकरांची दिसतीय. पर बसलंय कोण बघा."

भिवाने ऐकलं. तानुबाईनेही ऐकलं. भिवाचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला.

तानुबाईने दातांतला पदर सोडला. "हळू घ्या जरा," ती म्हणाली. "बघू द्या त्यांना."

त्याने गाडी हळू घेतली. गाडी तशीच विहाराशी पोहोचली. तिथे पोरांनी गाडीला गराडा घातला, म्हाताऱ्यांनी पत्र्याला हात लावून पाहिला, आणि कुणीतरी तानुबाईला विचारलं, कुणी केली ही. तिने नुसतं हाताने नवऱ्याकडे दाखवलं.

त्यानंतर असा दिवस आला नाही.

गाडी बनवून विकायची तर दिल्लीचं लायसन्स लागत होतं. सदुसष्टच्या मार्चमध्ये तिथून एक अधिकारी तपासणीला आले. ते गाडीत बसले नाहीत. दुरून पाहून हिंदीत विचारलं, "कितने आदमी बैठेंगे?"

"दो," ज्योतीराम म्हणाला.

"और बच्चे?"

ज्योतीरामने चासीचा खर्च, मायलेज, हाताने होणारं काम, रोजगार असं बरंच सांगितलं. अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. चार महिन्यांनी पत्र आलं. दोन आसनांची उघडी गाडी ही चैनीची वस्तू आहे, देशाच्या सध्याच्या स्थितीत परवानगी देता येत नाही.

ज्योतीराम आठवडाभर शेडमध्ये आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात नवं ड्रॉइंग होतं.

"मागे लहान बैठक टाकू. दोन मुलं बसतील एवढी. मग चैनीची राहणार नाही."

भिवाने ड्रॉइंग पाहिलं. "साहेब, हितं बैठक घालायची तर मागची उतरण कापावी लागंल."

"दुसरी चासी घेणं जमणार नाही आता. हिच्यातच करू या."

"उतरण गेली तर मागनं पेटी दिसंल ती."

"लायसन्स मिळू दे," ज्योतीराम म्हणाला. "मग तुमच्या मनासारखी पुन्हा करू."

भिवाने कापली. छिन्नी लावायच्या आधी तो बराच वेळ पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. दत्तोबा तेवढ्यात बाहेर निघून गेला. कापलेला भाग कोपऱ्यात उभा करून ठेवला होता. पुढे त्यातूनच बैठकीचा तळ करावा लागला, कारण सरकारकडून मिळणारा पत्र्याचा कोटा संपला होता.

दुसऱ्या अर्जाला उत्तर यायला दीड वर्ष लागलं. कापडी छप्पर कुटुंबाच्या वापराला सुरक्षित मानता येत नाही. भिवाने लोखंडी छप्पर केलं. छप्पर आलं म्हणून काच उंच करावी लागली, काच उंच झाली म्हणून दारं वाढवावी लागली. वजन वाढलं, पुढची स्प्रिंग दबू लागली, तेव्हा ते लांबलचक बॉनेट आखूड करून वेगळी मडगार्डं जोडावी लागली. हळदीचा रंग ठोकाठोकीत जागोजाग उडाला होता. वर करडा प्रायमर मारला, तो तसाच राहिला. यात सत्तर साल उजाडलं. दत्तोबा सोडून गेला, जाताना म्हणाला, "भिवा, तू का थांबलायस?" भिवाने कानाला हात लावून विचारलं, "काय?" दत्तोबाने पुन्हा विचारलं नाही.

कानाचं हे असं हळूहळू होत होतं. आधी सकाळी उठल्यावर कानात शिट्टी वाजायची, मग ती दिवसभर राहू लागली. छपराचं काम करताना त्याच्या लक्षात आलं की आवाज भरीव की पोकळ ते आपल्याला कळत नाही. तो नुसत्या हातावर काम करू लागला, आणि ज्योतीरामला फरक दिसला नाही. त्या गाडीत आता फरक दिसण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

बहात्तरच्या पावसाळ्यात तिसरं पत्र आलं. ज्योतीरामने भिवाला समोर बसवून, शब्दन् शब्द मोठ्याने, मराठीत करून वाचून दाखवलं. चार माणसांच्या बंद गाड्या देशात तीन कंपन्या आधीच बनवतात. आणखी एका तशाच गाडीची गरज दिसत नाही.

दोघं त्या करड्या गाडीकडे बघत बसले. पत्रात काही खोटं नव्हतं. ती तशीच एक गाडी होती.

"पुन्हा पहिल्यासारखी करता येईल का?" ज्योतीरामने विचारलं.

"कापल्याला पत्रा वाढत न्हाई, साहेब."

त्या वर्षी मद्रासला हेराल्ड बनायची बंद झाल्याचीही बातमी आली. आता चासीही मिळणार नव्हती.

भिवा चिमाजीकडे गेला. चिमाजी आता चार्जहँड, म्हणजे मुकादम, झाला होता, त्याने खरंच खटपट केली. भिवाचं वय उलटलं होतं, तरी कसबी माणूस म्हणून साहेब राजी झाले. फक्त मेडिकल राहिली होती. डॉक्टरांनी त्याला पाठमोरं उभं केलं. बऱ्याच वेळाने भिवाने वळून पाहिलं, केव्हा सुरू करणार म्हणून. डॉक्टर कागदावर लिहीत होते. त्यांचं विचारून झालं होतं.

घरी तानुबाई दारातच उभी होती. त्याने मान हलवली. तेव्हापासून ती त्याच्याशी मोठ्याने बोलू लागली. खोल्यांच्या भिंती पातळ, सगळ्या चाळीला ऐकू जाई, म्हणून मग हळूहळू ती त्याच्याशी महत्त्वाचं असं काही बोलेनाशीच झाली. मीठ संपलंय, पोरीला ताप आहे, एवढंच.

पंचाहत्तर साली ज्योतीरामने शेड विकली. घेणाऱ्याने तिथे पॉवर प्रेस बसवले, मोठ्या कारखान्यांना लागणारी झाकणं आणि पट्ट्या ठोकायला. भिवाला ठेवून घ्यावं, ही विकताना घातलेली एकच अट. भंगारवाला गाडी न्यायला आला तेव्हा दारात नव्या मशीनची पेटी येऊन पडली होती, गाडी अख्खी निघेना, म्हणून त्याने आतच गॅस कटर लावला. भिवा त्या वेळी जेवायला गेला होता. अजून जेवणाची सुट्टी झाली नव्हती, पण तो गेला होता. परत आला तेव्हा जमिनीवर तेलाचा डाग होता आणि भिंतीशी नवं मशीन उतरवायची गडबड चालली होती.

प्रेसवर बसायला कसब लागत नाही. पट्टी घालायची, दोन्ही हातांनी बटणं दाबायची, झाकण खाली पडतं. भिवा पूर्वी महिनाभरात जितका पत्रा वाकवायचा, तितका ते मशीन त्याच्या चहाच्या वेळेआधी वाकवी. शेजारच्या प्रेसवर परभणीकडून आलेला खंडू नावाचा माणूस होता. कुणीतरी त्याला सांगितलं, भिवाभाऊंनी इथे एकदा उघडी मोटार बनवली होती. खंडूने शेडभर नजर फिरवली आणि हसला. "हितं?" तो म्हणाला. भिवाने त्याचे ओठ वाचले. सांगण्यासारखं होतं, पण दाखवण्यासारखं काही नव्हतं.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत ज्योतीराम आला. आता तो पुण्यात विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या मोटारींचे पंचनामे करायचा. केस पांढरे झाले होते. दोघं चहा घेऊन बाहेर झाकणांच्या ढिगाशी बसले.

"बंद झाली," ज्योतीराम त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाला. "तिकडची. स्पिटफायर. मागच्या ऑगस्टमध्ये शेवटची निघाली. मित्राचं पत्र आलं."

"किती वर्सं चालली?"

ज्योतीरामने दोन्ही हातांची बोटं उघडून दाखवली, मग पुन्हा आठ.

"लई झाली," भिवा म्हणाला.

ज्योतीराम मग खाली बघत काहीतरी बोलत राहिला. बराच वेळ बोलला. त्याचा आवाज पुन्हा साधा झाला होता, तोंड जमिनीकडे होतं, त्यामुळे ओठही दिसत नव्हते. भिवाला त्यातला एक शब्द कळला नाही. त्याने विचारलंही नाही. बोलणं थांबलंसं वाटलं तेव्हा तो म्हणाला, "व्हय साहेब."

ज्योतीरामने डोळे पुसले. मग खिशातून खडू काढून त्याने एका सपाट पत्र्यावर गाडी काढली. बॉनेट, काच, दार, आणि दारामागून शेवटापर्यंत जाणारी ती उतरण.

भिवाने मान हलवली. "अशी न्हवती."

"अशीच होती."

"लवकर उतरायची. दारापाशीच." भिवाने खडू घेऊन शेजारी दुसरी रेघ काढली. पाहिली. बोटाने पुसून पुन्हा काढली. ती पण नव्हती. तिसरी काढली, आणि ती काढताना त्याच्या लक्षात आलं की आपण आता ज्योतीरामच्याच रेघेजवळ आलोय, पण तीसुद्धा बरोबर नाही, आणि बरोबर कोणती ते आपल्याला आठवत नाही. त्याने डोळे मिटून पत्र्यावर तळवा ठेवला. पत्रा सपाट होता, गार होता.

"राहू द्या," ज्योतीराम म्हणाला. भिवाने डोळे उघडले होते, हे त्याला ओठांवरून कळलं.

ज्योतीराम गेटबाहेर बसच्या थांब्याकडे चालत गेला. भिवाने उरलेला चहा संपवला. आत माणसं हात पुसत उठताना दिसली, तेव्हा चहाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला असावा असं समजून तोही उठला आणि आपल्या मशीनवर जाऊन बसला. त्या आठवड्यात त्याला ओव्हरटाइम होता.